कै. डॉक्टर विठ्ठल नागेश शिरोडकर आणि त्यांची वाकडी सुई

पावसाळा सरून भात घरात आले म्हणजे मावळातल्या बहुतेक घरांतून एक जाड व लांब सुई बाहेर निघते. तिला दाभण म्हणतात. पोते भरून झाले की सुतळी ओवलेल्या ह्या दाभणाने त्याचे तोंड शिवून टाकावयाचे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले असेल त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. पोते अर्धवट रिकामे असेपर्यंत सरळ दाभण चालते. परंतु ते काठोकाठ भरले म्हणजे एका बाजूने खुपसलेले टोक आत दाण्यांत रुतते व बाहेर निघावयास वाटच राहत नाही. अशा वेळी ज्याचे दाभण टोकाशी थोडे वाकलेले असेल त्याचे काम झटपट उरकते आणि बाकीचे त्याच्याकडे ते मागावयास येतात.

ज्या पुरुषाचे चरित्र ह्या अंकात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांच्या कीर्तीचा मोठा भाग अशाच एका वाकड्या सुईशी आणि तिने घातलेल्या एका टाक्याशी बांधलेला आहे. पोत्यातले धान्य सांडू नये म्हणून आपण टाका घालतो. आईच्या उदरातील मूल दिवस भरण्यापूर्वी गळून पडू नये म्हणून ह्या गृहस्थांनी टाका घातला. हा विषय शाळेच्या मासिकात यावा किंवा नाही, असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. आमच्याही मनात तो आला होता. परंतु जी गोष्ट घरोघरच्या आयांनी सोसलेली आहे ती मुलांनी योग्य शब्दांत जाणून घेण्यास काही प्रत्यवाय नाही, असे आम्हांस वाटते.

विठ्ठल नागेश शिरोडकर ह्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडे ह्या गावी झाला. शिरोडे किंवा शिरोडा नावाची गावे दोन आहेत, ह्याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. एक वेंगुर्ल्याजवळचे, तेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला व तेथल्याच शाळेत वि. स. खांडेकर ह्यांनी पुष्कळ वर्षे शिक्षकाचे काम केले. आपल्या चरित्रनायकांचे शिरोडे हे नव्हे. त्यांचे गाव गोव्याच्या फोंडा तालुक्यातले, कामाक्षीच्या देवळामुळे प्रसिद्ध असलेले. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि तो १९६१ च्या डिसेंबरापर्यंत टिकला. सरकारदरबारी पोर्तुगीज, घरी कोंकणी, देवळात व पोथीत मराठी, अशा तीन भाषांमध्ये तिकडची मुले वाढत. इंग्रजी विद्या हवी असल्यास मात्र घाट चढून ब्रिटिश मुलखात यावे लागे. विठ्ठलरावांचे माध्यमिक शिक्षण ह्याच कारणाने हुबळीस झाले.

हुबळीहून मुंबईस आगगाडीने जावयाचे तर वाट पुण्यावरून व आमच्या लोणावळ्यावरून. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली खुला झाला होता, आणि त्या दिवसांत घाट उतरताना गाडी मध्येच एका स्थानकावर थांबवून तिची दिशा उलटी करावी लागे. ती अडचण १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर संपली. डोंगर जेथे सरळ जाऊ देत नाही तेथे वळण घेतले पाहिजे, हा धडा बोरघाट आमच्या मुलांना रोजच शिकवीत असतो. असो.

मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली स्थापन झालेले. शिरोडकर तेथे शिकले. १९२३ साली ते एम. बी. बी. एस. झाले, १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र ह्या विषयांत मुंबई विद्यापीठाची एम. डी. ही पदवी त्यांनी मिळविली. आणि नंतर विलायतेस जाऊन १९३१ साली ते एफ. आर. सी. एस. झाले. परत आल्यावर जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात व आपल्याच जुन्या विद्यालयात ते काम करू लागले व पुढे तेथे त्यांच्या विषयाचे प्राध्यापक झाले. परीक्षा व पदव्या ह्यांचा इतिहास एवढाच. अशा पदव्या मिळविलेले डॉक्टर मुंबईत त्या काळीही इतर होते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता ते दुःख कोणते हे सांगितले पाहिजे. आम्ही लहान असताना आमचे बिऱ्हाड मावळातल्या एका खेड्यात होते. शेजारच्या घरात एक काकू होत्या. त्यांना तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा पाचवा-सहावा महिना लागतो न लागतो तोच मूल गेले. कळा नाहीत, ताप नाही, पडणे-झडणे नाही. एखाद्या सकाळी विहिरीवरून यावे आणि दुपारी सारे संपलेले असावे. पहिल्या वेळी लोकांनी हळहळ केली. दुसऱ्या वेळी चिखलात उभे राहून भात लावल्याचा दोष त्यांच्यावर आला. तिसऱ्या वेळी त्यांच्या नशिबाला, मग चालण्याला आणि शेवटी स्वभावाला बोल लागला. कोणी कमरेला काळा दोरा बांधावयास दिला, कोणी मंतरलेला गंडा आणून दिला. काकू सगळे बांधून घेत. ज्या स्त्रीचे मूल जन्मापूर्वीच गेले तिला उघडपणे रडावयाचीही सोय नसते. त्या मुलाला नाव नसते, आणि त्याच्यासाठी कोणी सांत्वनाला येत नाही. आम्ही तेव्हा सहा-सात वर्षांचे होतो. काकूंच्या दारावरून जाताना मोठी माणसे आवाज हळू का करतात, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी समजले.

अशा स्त्रिया शिरोडकरांच्या रुग्णालयात त्यांच्यापूर्वीही येत होत्या व त्यांच्या वेळीही आल्या. त्यांना सांगितला जाणारा उपाय म्हणजे निजून राहणे आणि औषधे घेणे. महिनेच्या महिने खाटेवर पडून राहिलेल्या स्त्रियांचीही मुले जात. शिरोडकरांनी ह्या स्त्रियांपैकी ज्यांची मुले चौथ्या ते सातव्या महिन्यांत पुनःपुन्हा जात त्यांच्याकडे विशेष लक्ष दिले. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गेला तर त्याचे कारण बहुधा त्या गर्भातच असते व तेथे टाक्याचा काही उपयोग नाही. परंतु मूल चांगले वाढत असताना आणि आईलाही काही दुखणे नसताना ते एकाएकी बाहेर का यावे? शिरोडकर अशा स्त्रियांची थोड्या थोड्या दिवसांनी पुनःपुन्हा तपासणी करीत, आणि त्यांना आढळून आले की कोठलीही कळ येण्यापूर्वीच गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडू लागलेले असते.

गर्भाशय ही सुरईसारखी पिशवी आहे. मात्र ती उलटी धरलेली. पोट वर आणि मान खाली. ही मान एरवी तीन-चार सेंटिमीटर लांब असते, आणि नऊ महिने ती घट्ट मिटलेली राहावी अशी रचना आहे. काही स्त्रियांत ही मान दुबळी असते, मग ती जन्मतः असो किंवा पूर्वीच्या बाळंतपणातील इजेमुळे असो. मूल लहान आहे तोपर्यंत ती टिकते. वजन वाढू लागले की ती वरच्या बाजूने उमलत येते व अखेर उघडते. म्हणजे दोष बाईच्या चालण्यात नव्हता, स्वभावात तर नव्हताच. दोष एका लहानशा जागेच्या बळकटीत होता. आमच्या मते शिरोडकरांच्या चरित्रात सर्वांत मोठी गोष्ट हीच. सुई नंतर आली.

हा दोष प्रथम त्यांनीच पाहिला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १६५८ साली लंडनमध्ये छापलेल्या एका वैद्यकीय ग्रंथात गर्भाशयाचे तोंड सैल असल्यामुळे गर्भ टिकत नाही, असा उल्लेख आहे. १९५० साली अमेरिकेत लॅश नावाच्या दोघा डॉक्टरांनी अशा स्त्रियांवर दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात शस्त्रक्रिया करून मानेचा सैल भाग काढून टाकण्याची रीत सांगितली. शिरोडकरांचे धाडस असे की त्यांनी गर्भ पोटात असतानाच, तो वाढत असतानाच, त्या मानेला बंध घालावयाचे ठरविले. आत पाण्याने भरलेली नाजूक पिशवी व तिच्यात जिवंत मूल; पुढच्या बाजूस अगदी चिकटून मूत्राशय; दोन्ही कडांना रक्तवाहिन्या. काम करावयाची जागा खोल व अरुंद. सुईचे टोक भलतीकडे गेले तर वाचवावयास गेलेले मूल आपल्याच हाताने जावयाचे.

त्यांची युक्ती आमच्या विद्यार्थिनींना चटकन समजेल. परकराच्या नेफ्यात नाडी कशी ओवतात? नाडी कापडावर बाहेरून शिवीत नाहीत. कापडाच्या दोन पदरांमधून ती फिरविली जाते, आणि ओढून गाठ मारली की सगळा घेर आवळतो. शिरोडकरांनी मानेच्या वरच्या अंगास, जेथे ती गर्भाशयाला मिळते तेथे, पुढे व मागे बारीक छेद घेतले, मूत्राशय हळूच वर सरकविले, आणि वरच्या नाजूक आवरणाखालून मानेभोवती एक पट्टी फिरवून ती बांधून टाकली. नेफा म्हणजे ते आवरण व नाडी म्हणजे ती पट्टी. ही पट्टीही प्रथम त्यांनी बाजारातून आणली नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंवर एक पांढरे, चिवट आवरण असते. त्याच बाईच्या मांडीतून त्याची अरुंद पट्टी काढून ती त्यांनी वापरली. स्वतःच्या शरीराचाच तो भाग असल्यामुळे शरीर त्याला परका मानीत नाही.

आता राहिली नाडी ओवावयाची काडी. परकराचा नेफा पसरता येतो. येथे काहीच पसरता येत नाही. मान गोल, तिच्याभोवतीची वाट गोल, आणि शस्त्रवैद्याचा हात बाहेर. सरळ सुई येथे भरल्या पोत्यातल्या सरळ दाभणासारखी ठरते. पूर्वी रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर उपाय करताना खोल असलेल्या धमनीभोवती दोरा नेण्यासाठी शस्त्रवैद्यांनी एक सुई बनविली होती. लंडनमध्ये जॉन हंटर ह्यांनी १७८५ साली अशा रोग्याच्या मांडीतील धमनी बांधली, तेव्हापासून त्या कामास जोर चढला. पॅरिसचे देशाँ ह्यांच्या नावाचीही तशी एक सुई आहे. तिला लांब दांडा असतो, पुढचा भाग बाकदार असतो, टोक बोथट असते आणि नेढे मागे नसून टोकाशी असते, जसे शिवणाच्या यंत्राच्या सुईला असते. (राजगडाच्या सुवेळा माचीवरील आरपार भोकास नेढे का म्हणतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी सुई उजेडात धरून पाहावी.) शिरोडकरांच्या टाक्यासाठी ह्याच घराण्यातील सुई मानेच्या घेराला शोभेल अशा बाकाची करण्यात आली, आणि ती आजही त्यांच्याच नावाने विकली जाते. ती जोडीने मिळते, एक डावी व एक उजवी. कारण मानेच्या एका कडेने फिरणारा बाक दुसऱ्या कडेस उलटा पडतो. सुई प्रथम रिकामी आत घालावयाची. टोक दुसऱ्या छेदातून दिसू लागले की नेढ्यात पट्टी अडकवावयाची, आणि आल्या वाटेने सुई परत काढून घ्यावयाची. मागोमाग पट्टी येते. दुसऱ्या बाजूस तसेच.

टोक बोथट कशाला, असे कोणी विचारील. धारदार टोक जे समोर येईल ते कापीत जाते. बोथट टोक मऊ पदर बाजूस सारून त्यांच्यामधून वाट काढते. ज्या ठिकाणी दोन बोटांच्या अंतरात मूत्राशय, धमनी व मूल आहेत त्या ठिकाणी हा फरक लहान नव्हे. उलट कातडी शिवावयास तिधारी सुईच पाहिजे, नाहीतर ती आत शिरतच नाही. हा विवेक आपल्या देशात फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तीन प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत: मांस थोडे असलेल्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागी तीन अंगुळे लांबीची तिधारी, आणि पोट व मर्मस्थाने ह्यांसाठी धनुष्यासारखी वाकलेली. शिष्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी जाड कापडाच्या व मऊ कातड्याच्या कडा शिवून हात बसवावा, असेही तेथे सांगितले आहे. ज्याने ते लिहिले त्याने कित्येक शिष्यांचे वाकडे टाके पाहिले असले पाहिजेत.

ज्या विद्यार्थ्यांना हे हाताने पडताळून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी एक प्रयोग देतो. मात्र तो वडील माणसांच्या समोर करावा. एका खोल पेल्याच्या तळाशी मळलेल्या कणकेचा गोळा दाबून बसवा व लहान पकडीत सरळ सुई धरून त्याला टाका घालून पाहा. टोक आत जाईल, पण पुन्हा वर येणार नाही. सुईची शेपटी पेल्याच्या काठाला लागेल. मग दुसरी सुई ज्योतीवर लाल करून पकडीने अर्धगोल वाकवा. थंड असताना वाकवू गेलात तर ती मोडेल आणि तुकडा डोळ्याकडे उडेल. निवल्यावर ही वाकडी सुई कणकेत टोचून मनगट फिरवा. हात जागचा न हलता टोक गोल फिरून वर येईल. मनगटाऐवजी हाताने सरळ रेटलेत तर भोक रुंद होईल व कणीक फाटेल. बाकदार सुई तिच्या बाकाच्या वाटेनेच गेली पाहिजे. आणखी एक गोष्ट दिसेल. तापवून निवविलेली ही सुई आता मऊ झाली आहे व जाड कापडात घातल्यास आपोआप सरळ होऊ लागते. सुई बनविणाऱ्यांची सारी अडचण हीच आहे. फार कठीण पोलाद केले तर सुई शरीरात मोडेल. फार मऊ केले तर बाक टिकणार नाही. म्हणून शस्त्रवैद्याची सुई अशी घडवितात की जोर फार झाला तर तिने मोडण्याआधी वाकून इशारा द्यावा. कारखान्यांत नमुन्याच्या सुया मुद्दाम वाकवून पाहतात, पातळ पडद्यातून आरपार घालून किती जोर लागला तो मोजतात. वर्तुळाचा चौथा हिस्सा, तीन अष्टमांश, अर्धे, पाच अष्टमांश, असे बाकही मोजून ठरविलेले आहेत. जागा जितकी खोल व अरुंद तितका बाक जास्त.

शिरोडकरांनी आपली रीत १९५५ साली प्रसिद्ध केली, आणि ती विलायतेतील नियतकालिकात केली नाही. मद्रासहून डॉ. यू. रामा राव ह्यांनी १९०४ साली सुरू केलेले ‘अँटिसेप्टिक’ नावाचे वैद्यकीय मासिक होते. त्यात तो लेख आला. विलायतेत शिकून आलेल्या गृहस्थाने आपले सर्वोत्तम काम देशी मासिकास दिले, आणि त्यामुळे युरोप-अमेरिकेतील विद्वानांस त्या लेखाचा दाखला देताना मद्रासचे नाव घ्यावे लागते, ह्याचे आम्हांस थोडे कौतुक वाटते, हे कबूल करतो.

दोन वर्षांनी, १९५७ साली, ऑस्ट्रेलियातील मेलबर्नचे डॉ. मॅकडोनल्ड ह्यांनी अधिक सोपी रीत पुढे आणली. शिरोडकरांची नेफ्यातली नाडी, तर ही बटव्याची दोरी. मूत्राशय सरकवावयाचे नाही, छेद घ्यावयाचा नाही. बाकदार सुईने मानेभोवती चारपाच ठिकाणी आतबाहेर टाके घेऊन बटव्यासारखे तोंड आवळावयाचे. हा टाका थोडा खाली बसतो, पण घालावयास व काढावयास सुलभ. आज जगात हाच अधिक घातला जातो, हे शिरोडकरांच्या अभिमान्यांनी मान्य केले पाहिजे. जेथे मान फार आखूड आहे किंवा साधा टाका पूर्वी टिकला नाही, तेथे वरच्या अंगास बसणाऱ्या शिरोडकरांच्या टाक्याची आठवण अजून होते. स्वतः शिरोडकरही आपल्या पहिल्या रीतीला चिकटून बसले नाहीत. मांडीतून पट्टी काढणे म्हणजे बाईला दुसरी जखम करणे. म्हणून पुढे कृत्रिम धाग्याची विणलेली, सुमारे पाच मिलिमीटर रुंदीची फीत त्या जागी आली. टाका बहुधा चौथ्या महिन्याच्या सुमारास घालतात, व दिवस भरत आले, म्हणजे ३६-३७ आठवडे झाले, की तो कापून टाकतात.

ह्या टाक्याने खरोखर किती मुले वाचतात? शिरोडकरांच्या हयातीत ह्याचे चोख उत्तर नव्हते. ज्या आईचे मूल हाती आले तिला पुराव्याची गरजही नव्हती. परंतु शास्त्राला ती असते. पुढे अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून १२९२ स्त्रियांवर परीक्षा घेतली व तिचा अंतिम वृत्तान्त १९९३ साली निघाला. निम्म्यांना टाका घातला, निम्म्यांना नाही. कोणाला घालावयाचा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. ३३ आठवड्यांपूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रिया टाका असलेल्यांत शेकडा १३ व नसलेल्यांत शेकडा १७ निघाल्या. म्हणजे सुमारे पंचवीस जणींना टाका घालावा तेव्हा एकीला त्याचा लाभ. पण ज्यांच्या तीन किंवा अधिक प्रसूती पूर्वी अकाली झाल्या होत्या, त्यांच्यापुरते पाहिले तर हेच आकडे शेकडा १५ व ३२ होते. शिरोडकर ज्या स्त्रियांकडे विशेषेकरून वळले होते त्या ह्याच. ज्याने रोगी निवडून टाका घातला त्याचे अनुमान खरे ठरले. सरसकट सर्वांना घालणाऱ्यांचे ठरले नाही. धाग्याविषयीचा वाद तर परवापर्यंत चालू होता. एकपदरी धागा बरा की विणलेला, ह्याची ब्रिटनमध्ये २०४९ स्त्रियांवर परीक्षा होऊन २०२२ साली निकाल आला: मूल जाण्याचे प्रमाण दोहोंतही शेकडा आठच्या आसपास, म्हणजे फरक नाही.

ह्या एका टाक्याखेरीजही त्यांनी पुष्कळ काम केले. बाळंतपणांनी व कष्टांनी ज्या स्त्रियांचे अंग खाली येते त्यांच्यासाठी गर्भाशयाला झोळीसारखा आधार देणारी एक शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. डोंगरातून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर वाहून आणणाऱ्या बायका ज्या मुलखात आहेत तेथे हा आजार किती होतो आणि किती लपविला जातो, हे आमच्या पालकांस सांगावयास नको. लोणावळ्याच्या महाविद्यालयास ज्यांचे नाव आहे ते डॉ. बी. एन. पुरंदरे ह्याच मुंबईचे, शिरोडकरांहून एक पिढी धाकटे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या नावाचीही ह्याच आजारावर एक शस्त्रक्रिया आहे, आणि तीतही शरीराच्याच पट्ट्यांनी गर्भाशय वर बांधून घेतात. त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या मुलांनी हे एकदा लक्षात घ्यावे. मूल होत नाही अशा स्त्रियांच्या बंद झालेल्या नलिका मोकळ्या करण्याचे कामही शिरोडकरांनी केले, आणि त्याच वेळी ते कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही होते. कोणास ह्यात विसंगती दिसेल. आम्हांस दिसत नाही. दोन्ही ठिकाणी त्यांच्यापुढे बसलेली असे ती एक बाईच.

१९६० साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ एडिंबरोहून प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. १९७१ साली पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे देहावसान झाले. तेव्हा ते ७१ वर्षांचे होते.

शेजारच्या काकूंची गोष्ट राहिली. चौथ्या वेळी त्यांना पुण्यास नेले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पिशवीला टाका घातला. खेड्यात हेच शब्द वापरतात. गावी परतल्यावर काकूंनी कमरेचा काळा दोरा सोडला नाही. आत एक व बाहेर एक, असे दोन बंध घेऊन त्यांनी ते महिने काढले. नवव्या महिन्यात आतला टाका कापला आणि चार दिवसांनी मुलगा झाला. तो आज तळेगावच्या एका कारखान्यात नोकरीस आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वी ती सुई डोळ्यांनी पाहावी म्हणून आम्ही ओळखीच्या एका परिचारिकाबाईंकडे गेलो. त्यांनी एका फडक्यावर दोन्ही सुया मांडून दाखविल्या, डावी व उजवी. शिरोडकर म्हणजे त्यांस त्या सुईचेच नाव वाटत होते. ते एका माणसाचे आडनाव आहे, आणि त्या आडनावात एक गाव आहे, हे ऐकून त्यांस मोठे नवल वाटले. वर्गातला गोव्याचा नकाशा आमच्याजवळ होताच. फोंड्याच्या खाली, जुवारीच्या अलीकडे, आम्ही त्यांस शिरोडे दाखविले.